मीरतचे कैदी

जपानात आरोप ठेवण्याआधीच २३ दिवसांपर्यंत कोठडीत ठेवता येते, असे परवा शिरवळच्या ओट्यावर मुलगा सांगत होता. मला मीरत खटला आठवला.

२० मार्च १९२९. डांगे, घाटे, मिरजकर, जोगळेकर, निंबकर - किती मराठी नावे त्यात! राजाविरुद्ध कटाचा आरोप. माणसे मुंबईची, खटला मात्र दूर मीरतला, कारण तिथे ज्युरी नव्हती. निकाल लागला जानेवारी १९३३ मध्ये. डांग्यांना बारा वर्षे. ऑगस्टमध्ये अलाहाबाद हायकोर्टाने ती तीनवर आणली. म्हणजे शिक्षा तीन वर्षांची आणि खटला पावणेचार वर्षांचा!

त्यांचे राजकारण मला कधीच पटले नाही. पण वयोवृद्ध ठेंगडी खटला चालू असतानाच वारले. आपण दोषी की निर्दोष, हे त्यांना कोणी सांगितलेच नाही.