लाइट गेली, फाइल गेली

‘धरण उशाला, कोरड घशाला’ ही शहापूरकरांची जुनी तक्रार. तानसा आणि भातसा मुंबईची तहान भागवतात, पण उन्हाळ्यात तालुक्यातल्याच पाड्यांवर टँकर फिरतो. विजेचंही तसंच. याच तालुक्यात चोंढ्याला घाटघर उदंचन प्रकल्पाचं खालचं धरण आहे आणि १२५ मेगावॅटचे दोन संच २००८ पासून तिथे वीज करतात. पण भारनियमनाच्या वर्षांत शहापूर-मुरबाडच्या बाजारपेठेत कॉम्प्युटर लावून बसलेल्या माणसाचं लक्ष पडद्यापेक्षा घड्याळाकडेच जास्त असे.

योगायोग असा, की मे २००१ मध्ये एन्रॉनचा दाभोळ प्रकल्प बंद पडला आणि त्याच वर्षी एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम सुरू झाला. एकीकडे गावोगाव कॉम्प्युटर क्लास निघाले, दुसरीकडे राज्यातला विजेचा तुटवडा वाढत वाढत चार-पाच हजार मेगावॅटवर गेला. जून २००५ मध्ये वीज मंडळाचं विभाजन होऊन महावितरण आली. पुढे भारनियमनासाठी गळती आणि बिलवसुली पाहून विभागांचे गट पडले. वसुली कमी, तिथे अंधार जास्त. मुंबई बहुतेक काळ यातून सुटली, खेड्यांच्या वाट्याला मात्र शहरांपेक्षा कितीतरी जास्त तास आले.

लाइट गेल्यावर कॉम्प्युटरच्या डब्यात नेमकं काय होई? पॉवर सप्लायमधल्या कपॅसिटरांत सेकंदाचा जेमतेम साठावा भाग तग धरेल एवढीच वीज साठलेली असते. तेवढ्यात पुरवठा आला नाही की रॅम कोरी. ऐन लग्नसराईत पत्रिकेतली निमंत्रकांची नावं, ‘आमच्या येथे श्रीकृपेकरून’पासून चिमुकल्यांच्या आग्रहापर्यंत सगळं पुन्हा टाइप करायचं.

पण न साठवलेला मजकूर जाणं हा त्यातल्या त्यात सरळ तोटा. खरा घोळ डिस्क लिहीत असतानाच लाइट गेली तर व्हायचा. विंडोज ९८ ची ‘फॅट’ म्हणजे डिस्कचा सातबाराच: कोणता तुकडा कोणत्या फाइलीचा, याची नोंद. नोंद अर्धवट राहिली की जमीन जागेवर, पण मालकाचा पत्ता नाही. पुढच्या वेळी मशीन सुरू केलं की निळ्या पडद्यावर स्कॅनडिस्क धावू लागे आणि असे बेवारस तुकडे ‘सीएचके’ नावाच्या फाइलींत गोळा करी. त्या उघडल्या तर बहुधा चौकटी आणि गिचमिड, क्वचित एखादा ओळखीचा परिच्छेद. पुढे एक्सपीबरोबर एनटीएफएस घरगुती मशीनांत आली. ती आधी काय बदलायचं ते टिपून ठेवते आणि मग बदल करते, त्यामुळे फाइलींची मांडणी सावरली. न साठवलेली पत्रिका मात्र तेव्हाही गेलीच.

‘सुई डिस्कवर आपटते’ ही त्या काळातली लाडकी भीती. ती बरीचशी निराधार होती. डिस्कचे हेड वीज जाताच फिरणाऱ्या चकत्यांच्याच उरलेल्या गतीवर वीज मिळवून बाजूला सरकतात.

वेळापत्रकाचं भारनियमन तरी शिस्तीचं. दहाला जाणार म्हटल्यावर दहाला पाच कमी असताना मशीन बंद करता येई. पावसाळ्यातलं ट्रिपिंग बेभरवशाचं. तारेवर फांदी पडते, फिडर उडतो, लाइट येते, पुन्हा जाते, पुन्हा येते, कधी डिम तर कधी एकदम जोरात. जाणाऱ्या लाइटीपेक्षा ही येणारी लाइट वाईट. पॉवर सप्लाय जळायचे ते बहुधा अशा वेळी.

उपाय म्हणून यूपीएस आले. त्यातली १२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची छोटी बॅटरी शहरातल्या दहा-पंधरा मिनिटांच्या खोळंब्यासाठी बनलेली. इथे ती रोज तळापर्यंत उतरे, पुरती भरण्याआधी पुन्हा लाइट जाई आणि लवकरच ती निकामी होई. मग मोठ्या बॅटरीचे इन्व्हर्टर आले. त्यांच्यावर ‘यूपीएस’ असं बटण असतं. ते साध्या स्थितीवर राहिलं, तर पंखा चालू राहतो आणि कॉम्प्युटर मात्र बंद पडून पुन्हा सुरू होतो.

२०१२ अखेरीस महावितरणने कमी गळतीच्या भागांतलं भारनियमन थांबवलं. ट्रिपिंग अजून थांबलेलं नाही. ग्रामपंचायतीत, शाळेत किंवा दुकानात टेबलाखाली यूपीएस असेल, तर पावसाळ्याआधी सगळ्या फाइली सेव्ह करून एकदा त्याचं भिंतीवरचं बटण बंद करून पाहा. मशीन पाच मिनिटंही टिकलं नाही, तर बॅटरी बदलायला झाली आहे.