राजगड : उभा करायचा की पडलेला?

१/ दिवाळी जवळ आली की पुण्याच्या वाड्यांत, सोसायट्यांच्या आवारांत आणि भोर-वेल्ह्याच्या अंगणांत विटा, दगड, गोणपाट आणि लाल माती जमू लागते. मुले किल्ला करतात. त्यांत सर्वाधिक वेळा उभा राहणारा गड बहुधा राजगडच. हा धागा त्या मातीच्या राजगडाविषयी, आणि त्यामागे दडलेल्या एका अवघड प्रश्नाविषयी.

२/ प्रश्न असा : प्रतिकृती कोणत्या राजगडाची करायची? १६६६ साली आग्र्याहून सुटून आलेल्या महाराजांनी पाहिलेल्या नांदत्या राजधानीची, की आज गुंजवण्याकडून चढून गेल्यावर दिसणाऱ्या जोत्यांची, ढासळलेल्या तटांची आणि कोरड्या टाक्यांची?

३/ आधी थोडा गडाचा वृत्तान्त. राजगड आणि तोरणा हे शेजारी वेल्हे तालुक्यातले. आता तालुक्यालाच राजगडाचे नाव मिळाले आहे. तोरणा शिवरायांच्या अगदी आरंभीच्या गडांपैकी. तिथे सापडलेल्या धनातून समोरच्या मुरुंबदेवाच्या डोंगरावर राजगड बांधला, अशी परंपरा सांगते. पद्मावती, सुवेळा आणि संजीवनी या तीन माच्या आणि मधोमध कातळावर बालेकिल्ला, अशी त्याची घडण. राजधानी रायगडी जाईपर्यंत सुमारे पाव शतक स्वराज्याचा कारभार इथून चालला. ५ सप्टेंबर १६५९ रोजी सईबाईंचे देहावसान याच गडावर झाले. राजाराम महाराजांचा जन्मही इथलाच, २४ फेब्रुवारी १६७०चा.

४/ पुरंदरच्या तहात (जून १६६५) तेवीस किल्ले मोगलांना द्यावे लागले, बारा राहिले. राहिलेल्यांत राजगड आणि तोरणा दोन्ही होते.

५/ याच काळात जगाच्या दुसऱ्या टोकाला किल्ल्यांच्या प्रतिकृती राजकारणाचा भाग बनत होत्या. १६६८ साली फ्रान्सचा राजा चौदावा लुई याच्या युद्धमंत्र्याने, लुव्ह्वाने, सरहद्दीवरील तटबंदीच्या शहरांच्या हुबेहूब प्रतिकृती करण्याचे काम सुरू करवले. लाकूड, कागद, रेशीम, वाळू यांनी घडवलेल्या या प्रतिकृतींचे प्रमाण बहुधा १:६०० असे. म्हणजे सहाशे मीटरचा तट एक मीटरमध्ये. वेढा कुठून पडेल, तोफ कुठे चढेल, हे राजाला टेबलावर दिसावे हा हेतू. त्या गोपनीय मानल्या जात. आज त्यांतल्या बऱ्याच पॅरिसच्या लेझँव्हालीद या वास्तूत पाहता येतात. लुईचे कारागीर कामाला लागले तेव्हा शिवराय राजगडावर होते, हा योगायोग सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

६/ प्रमाणाचा हिशेब करण्यासारखा आहे. राजगडाची संजीवनी माची सुमारे अडीच किलोमीटर लांब. फ्रेंच प्रमाणाने ती चार मीटरांहून थोडी अधिक भरेल. एखाद्या मोठ्या दालनात मावेल. आपल्या दिवाळीच्या किल्ल्यावर मात्र चार इंची मावळा उभा असतो. त्या मावळ्याला साडेपाच फुटांचा माणूस मानला, तर प्रमाण साधारण १:१६ होते आणि एकट्या संजीवनीला दीडशे मीटर जागा लागते. म्हणून दिवाळीत मावळा बुरुजाएवढा आणि वाघ दरवाजाएवढा दिसतो. यात मुलांचा दोष नाही. बाजारात मिळणारी चित्रे ठरलेल्या मापाची, आणि गड अंगणाच्या मापाचा.

७/ एक चूक मात्र टाळता येण्यासारखी. राजगडाच्या माथ्यावर सिंहासनाधिष्ठित महाराज सर्रास बसवले जातात. राज्याभिषेक ६ जून १६७४ रोजी रायगडावर झाला. राजगडाच्या सदरेवर महाराज बसवावेत, जरूर बसवावेत; बत्तीस मणांचे सिंहासन तेवढे रायगडाला ठेवावे.

८/ आता पडझडीकडे. राजधानी हलली आणि गडाचा राबता ओसरला. १७०४ साली औरंगजेबाने राजगडाला वेढा घालून तो घेतला आणि त्याचे नाव नबीशाहगड ठेवले. त्याच वर्षी तोरणाही गेला. त्या मोहिमेत अनेक गड पैसा चारून ताब्यात आले. तोरण्याला मात्र दोराच्या शिड्या लावून लढावे लागले. बादशहाने त्याला फुतूहुल्गैब म्हटले, म्हणजे दैवी विजय. ही नावे टिकली नाहीत. पुढे राजगड पंत सचिवांच्या, म्हणजे भोरकरांच्या ताब्यात राहिला आणि १९४८ साली भोर संस्थान विलीन होईपर्यंत त्याच मुलखात होता.

९/ रायगडाची राखरांगोळी १८१८च्या मे महिन्यात इंग्रजांच्या तोफगोळ्यांनी लागलेल्या आगीत झाली. तिला तारीख आहे. राजगडाचा ऱ्हास असा एका दिवसाचा नव्हे. वावर थांबला की आधी छपरे जातात. लाकूड कुजते, गवताचे शाकार आणि कौले उडतात. मग उघड्या भिंतींत पावसाचे पाणी मुरते आणि चिखलमातीची जोडणी सुटते. सह्याद्रीच्या माथ्यावरचा पाऊस घडीव दगडाला सहसा काही करत नाही, पण दगडांच्या मधल्या मातीला सोडत नाही. शेवटी उरतात जोती, टाकी आणि कातळात खोदलेल्या पायऱ्या. आज पद्मावती माचीवर नेमके हेच दिसते.

१०/ संजीवनी माचीचा तट मात्र अजून बोलका आहे. तिथे बुरुजाला बाहेरून दुसऱ्या बुरुजाचे कवच घातलेले, मध्ये एक माणूस जेमतेम जाईल एवढी चिंचोळी जागा. हा चिलखती बुरूज. बाहेरचा तट फोडून शत्रू आत आलाच, तर तो या सापटीत अडकतो आणि वरून मारा होतो. मातीच्या किल्ल्यात ही दुहेरी भिंत बहुतेक जण करत नाहीत, कारण ओल्या मातीची पातळ भिंत एका रात्रीत फुगते आणि बसते. जो करतो त्याने गड पायाखाली घातलेला असतो, हे पाहताक्षणी कळते.

११/ प्रतिकृतीकारांच्या जगात उलट दिशेचाही एक पंथ आहे. १९७९ साली ऑस्ट्रेलियात ‘मॅड मॅक्स’ हा चित्रपट निघाला. १९८१च्या दुसऱ्या भागात त्याची काळी फोर्ड फाल्कन धुळीने माखलेली, मागे इंधनाच्या मोठ्या टाक्या बांधलेली, जग बुडाल्यानंतरची गाडी म्हणून अवतरली. आओशिमा या जपानी कंपनीने या गाडीचा १:२४ प्रमाणातला संच विकायला काढला. तेव्हापासून छंदी लोक चकचकीत प्लॅस्टिकची गाडी आणून ती मुद्दाम म्हातारी करतात.

१२/ त्याची एक रीत ऐकण्यासारखी. आधी गंजाच्या तपकिरी रंगाचा थर द्यायचा. तो वाळला की जागोजागी पाण्याने मिठाचे कण चिकटवायचे. वरून गाडीचा खरा रंग फवारायचा. मग मीठ चोळून काढले, की खालचा गंज डागाडागांनी उघडा पडतो. दहा वर्षांचे ऊनपाऊस एका दुपारी उरकतात.

१३/ त्या कारागिराच्या हाती अखंड वस्तू असते आणि तो तिचा भग्नावशेष कल्पितो. वेल्ह्याच्या मुलाच्या डोळ्यांसमोर भग्नावशेष असतो आणि तो त्यावरून अखंड वस्तू कल्पितो. दुसरे काम अधिक कठीण. गंज कसा चढतो हे कुठेही पाहता येते. बालेकिल्ल्यावरच्या वाड्याला किती मजले होते, हे जोते पाहून कळत नाही.

१४/ म्हणूनच गंभीर प्रतिकृतीकार आज दोन टप्प्यांत काम करतात. आधी समोच्च रेषांच्या नकाशावरून थर्माकोलचे किंवा पुठ्ठ्याचे थर कापून डोंगर उभा करायचा. हा भाग वादातीत. मग तट, दरवाजे, टाकी, सुवेळा माचीवरचे नेढे, म्हणजे जे प्रत्यक्ष मोजता येते ते. त्यापुढची छपरे, सज्जे आणि नगारखाने कल्पनेचे. ते वेगळ्या रंगाने दाखवले, तर पाहणाऱ्याची फसवणूक होत नाही. दुर्दैवाने स्पर्धांत अधिक गुण सहसा सज्ज्यांनाच मिळतात.

१५/ जुलै २०२५मध्ये ‘भारतातील मराठा लष्करी भूप्रदेश’ या नावाने बारा किल्ले युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत गेले. त्यांत राजगड आहे, तोरणा नाही. आता जो वाद अंगणात होता तोच खऱ्या गडावर आला आहे. ढासळलेला तट आहे तसा सावरायचा, की पूर्वी होता असे वाटते तसा बांधायचा? वारशाचे संकेत तर्कावरच्या पुनर्बांधणीला नकार देतात. गडावर जाणाऱ्या पुष्कळांना मात्र दार, छप्पर आणि सदर उभी पाहायची आहे, आणि ही इच्छा उथळ म्हणून झटकून टाकण्यासारखी नाही.

१६/ इकडे अंगणात अळीव आणि मोहरी पेरून चार दिवस झालेले असतात. डोंगर हिरवा होतो. एखाद्या वर्षी दिवाळीत अवकाळी पाऊस येतो. रंगीत कागदाची छपरे पहिल्याच सरीत जातात. त्यामागोमाग तटाची माती ओघळते, मग माचीची कड सुटते. सकाळी पाहावे तर आतल्या विटा आणि दगड तेवढे जागेवर, आणि पोरे ओल्या गोणपाटावर नव्याने चिखल थापायला बसलेली.