उद्दीपकाचे आकारमान (दृष्टिक्षेत्र तपासणीतील)

काचबिंदूचे निदान करण्यासाठी आणि तो किती वेगाने वाढतो आहे हे पाहण्यासाठी दृष्टिक्षेत्र तपासले जाते, तेव्हा पांढऱ्या अर्धगोलाच्या आतील बाजूवर क्षणभर उमटणाऱ्या प्रकाशठिपक्याला उद्दीपक म्हणतात. रुग्णाने एक डोळा झाकून, मधल्या खुणेवरची नजर न हलवता, ठिपका दिसताच हातातले बटण दाबायचे असते, आणि त्या जागी किती अंधूक ठिपका दिसू शकतो यावरून तेथील संवेदनशीलता डेसिबेलमध्ये मांडली जाते. यात शून्य डेसिबेल म्हणजे यंत्राचा सर्वांत तेजस्वी ठिपका असल्याने आकडा मोठा तितकी नजर चांगली.

हान्स गोल्डमान यांनी १९४५ मध्ये बर्न येथे तयार केलेल्या परिमापकात क्रमांक एक ते पाच हे आकार अनुक्रमे पाव, १, ४, १६ व ६४ चौरस मिलिमीटर क्षेत्रफळाचे होते; म्हणजे प्रत्येक पायरीला क्षेत्रफळ चौपट आणि व्यास दुप्पट होतो. पुढे आलेल्या स्वयंचलित यंत्रांत तिसरा आकार रूढ झाला, पण तो काचबिंदूसाठी म्हणून बेतलेला नव्हता. त्याचा व्यास ०.४३ अंश, म्हणजे पौर्णिमेच्या चंद्रबिंबाहून किंचित कमी असतो. परिणामी सहा-सहा अंशांवर ५४ बिंदू तपासणाऱ्या नेहमीच्या चाचणीत प्रत्येक बिंदूभोवतीच्या क्षेत्राचा अर्धा टक्कासुद्धा प्रत्यक्षात तपासला जात नाही.

ठिपका मोठा केल्यावर तो सहज का दिसतो, याचे उत्तर रिको यांच्या नियमात आहे: एका ठराविक क्षेत्रापर्यंत ठिपक्याचे क्षेत्रफळ आणि तेज यांचा गुणाकार स्थिर राहतो, कारण तेवढ्या क्षेत्रातील प्रकाशाची बेरीज केली जाते. हे क्षेत्र मध्यबिंदूपासून दूर जावे तसे वाढते, आणि दृष्टितंत्रिकेचे तंतू ज्यांच्यातून निघतात त्या गुच्छिका पेशी काचबिंदूत कमी झाल्या की तेथेही ते मोठे होते. म्हणून रोगग्रस्त भागात आकार वाढविण्याचा लाभ निरोगी भागापेक्षा अधिक मिळतो. आकाराची एक पायरी म्हणजे ५ डेसिबेल, हे गोल्डमान यांचे समीकरण त्यामुळे सर्वत्र लागू धरणे धोक्याचे ठरते.

तिसऱ्या आकाराची खरी अडचण पुढच्या अवस्थेत येते. सुमारे १५ ते १९ डेसिबेलखाली ठिपका कितीही उजळ केला तरी तो दिसण्याची शक्यता फारशी वाढत नाही, आणि तोच रुग्ण आज १२ तर पुढच्या खेपेला ४ असा आकडा देऊ शकतो. मग हा फरक रोगाचा की मोजमापाचा, हे ठरविणे अवघड जाते. १.७२ अंश व्यासाचा पाचवा आकार वापरल्यास असा चढउतार कमी होतो, आणि तिसऱ्या आकाराच्या नोंदपत्रावर काळ्या दिसणाऱ्या चौकोनांपैकी काहींत अजून नजर शिल्लक असल्याचे कळते. मात्र बारीक, उथळ दोष मोठ्या ठिपक्याखाली झाकले जाऊ शकतात. आरंभीच्या अवस्थेसाठी पहिला आकार सुचविला जातो, पण त्यावर चष्म्याच्या चुकीच्या क्रमांकाचा व मोतीबिंदूचा परिणाम अधिक होतो, आणि संवेदनशीलता घटताच त्याची मर्यादा लवकर गाठली जाते.

जलद चाचणीपद्धती आणि वयानुरूप तुलनेची कोष्टके मुख्यतः तिसऱ्या आकारावर आधारलेली असल्याने तोच प्रचारात टिकून आहे. शिवाय एखाद्या रुग्णाचा आकार मध्येच बदलला, तर आधीची नोंदपत्रे नव्या नोंदपत्रांशेजारी ठेवून घट मोजता येत नाही, आणि त्याची आधाररेषा पुन्हा पहिल्यापासून आखावी लागते.