पाऱ्यावरचा उतारा



या व्याख्यानमालेत राज्यांचे, लढायांचे आणि संतांचे इतिहास सांगणारे विद्वान येऊन गेले आहेत. मी सांगणार आहे तो इतिहास हत्यारांचा आहे, आणि तोही जेमतेम पस्तीसएक वर्षांचा. हत्यार म्हणजे तलवार नव्हे. कारखान्यातला फिटर पान्याला आणि कानशीला 'माझी हत्यारे' म्हणतो, त्या अर्थाने. मी कॉलेजची पायरी चढलेला नाही. जे थोडे कळले ते युनियनच्या कचेरीत बसून, काम करणाऱ्यांना विचारून आणि रात्री पुस्तके उघडून कळले. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा धरू नये.

आपण घरी बसून विजेचे बिल भरता. ग्राहक क्रमांक टाकला की रक्कम दिसते, बटण दाबले की पावती येते. हे पान लोकांपुढे येण्याआधी कोणीतरी ते बटण दाबून पाहिलेले असते. बरोबर क्रमांक घालून, चुकीचा घालून, रकाना रिकामा ठेवून, एकदाच दाबायचे बटण घाईने दोनदा दाबून. आणि पानात एक ओळ बदलली की ही सारी वारी पुन्हा पहिल्यापासून. हे काम करणाऱ्यास टेस्टर म्हणतात; हिंजवडीत आणि अंधेरीत हजारो मुलेमुली यावर पोट भरतात. माणसाऐवजी बटण दाबणारा प्रोग्रॅम लिहावा, हा विचार कोणालाही सुचेल असाच आहे. असे प्रोग्रॅम लिहिण्याची आणि चालवण्याची जी साधने आहेत, त्यांचा हा इतिहास.

मी यात पडलो त्याचे कारण साधे आहे. काही वर्षांपूर्वी एका कंपनीतील टेस्टर आमच्या कचेरीत आले. कंपनीचे नाव येथे नको. व्यवस्थापनाने नवे हत्यार आणले होते आणि 'आता तुमची गरज उरली नाही' असे तोंडी कळवले होते. मी विचारले, हत्यार कोणते, आणि ते कोणी निवडले? कोणालाच नीट सांगता येईना. निवड वरच्या मजल्यावर झाली होती, विक्रेत्याने आणलेल्या तक्त्यावरच्या बरोबरच्या खुणा मोजून. असे तक्ते मी पुढे पुष्कळ पाहिले. कोणते हत्यार किती भाषांत चालते, किती ब्राउझर हाताळते, किती वेगाने धावते, हे त्यांत असते. ते हत्यार कोणाच्या मालकीचे आहे, उद्या ते बंद पडले तर त्यात लिहिलेल्या हजार चाचण्यांचे काय होणार, हे कोठेच नसते. वस्तुतः ते इतिहासातूनच कळते.

१९८९ साली मर्क्युरी इंटरॅक्टिव्ह ही कंपनी निघाली. तिचे मूळ इस्रायलचे, पण व्यापार अमेरिकेत. तिची विनरनर आणि पुढे क्विकटेस्ट प्रोफेशनल ही साधने दीर्घकाळ या धंद्यातली सावकार होती. त्यांचे आश्वासन मोठे गोड होते. प्रोग्रॅम लिहायला नको. तुम्ही एकदा बटणे दाबा, आम्ही ते टिपून ठेवतो आणि हवे तितक्या वेळा तसेच दाबून दाखवतो. पण बटणाचे नाव बदलले किंवा ते डावीकडून उजवीकडे गेले, की टिपलेली चाचणी कोसळे आणि पुन्हा टिपावी लागे. शिवाय परवाना महाग. ज्याच्याकडे परवाना नाही त्याने चाचणी चालवायची नाही, म्हणजे पान बांधणाऱ्या कारागिराला आपलेच काम तपासायला दुसऱ्याच्या दारी रांग लावावी लागे.

२००४ साली शिकागोत थॉटवर्क्स या कंपनीत जेसन हगिन्स नावाचा प्रोग्रॅमर होता. कर्मचाऱ्यांनी कामाचे तास आणि खर्च नोंदवायचे एक पान कंपनीने स्वतःसाठी केले होते, ते तपासण्यासाठी त्याने एक साधन लिहिले. (तास नोंदवण्याच्या वहीतून काय काय निघते, हे आम्हा युनियनवाल्यांना नवीन नाही!) मर्क्युरी म्हणजे पारा. पारा अंगात भिनला तर त्यावर सेलेनियमचा उतारा चालतो, अशी थट्टा करून हगिन्सने आपल्या साधनाला सेलेनियम हे नाव मिळवून दिले. वैद्यकाला तो उतारा कितपत मान्य आहे हे वैद्यांनी सांगावे. धंद्यात मात्र तो लागू पडला. कारण थॉटवर्क्सने ते साधन मूळ लिखाणासह सर्वांना मोफत खुले केले. ज्याला हवे त्याने वापरावे, बदलावे, वाटावे.

मर्क्युरीचे पुढे काय झाले तेही पाहण्याजोगे आहे. २००६ साली एचपीने ती सुमारे ४५० कोटी डॉलरला विकत घेतली. विनरनर बंद करून गिऱ्हाइकांना क्विकटेस्टकडे वळवण्यात आले. २०१७ साली एचपीचा तो सारा विभाग मायक्रो फोकसकडे गेला, आणि २०२३ च्या जानेवारीत मायक्रो फोकसलाच ओपनटेक्स्टने घेतले. सतरा वर्षांत तीन धनी. ज्या बँकेने किंवा विमा कंपनीने आपल्या चाचण्या त्या साधनात लिहिल्या होत्या, तिला प्रत्येक धन्याशी नव्याने दराची बोलणी करणे भाग होते. गिरणी विकली की साच्यांबरोबर कामगारही विकले जात, तसाच हा प्रकार.

सेलेनियमची वाटही सरळ नव्हती. ते आपले हुकूम पानाच्या आतच घुसवून चालवत असे. पण ब्राउझरचा एक कडक नियम आहे: एका पत्त्यावरून आलेल्या प्रोग्रॅमने दुसऱ्या पत्त्यावरच्या पानात डोकावायचे नाही. हा नियम नसता तर कोणत्याही पानाने तुमच्या बँकेचे पान वाचले असते. तेव्हा सेलेनियमच्या मंडळींनी मध्ये एक दलाल बसवला. तो दोन्हीकडचा माल आपल्याच पत्त्यावरून देई, आणि ब्राउझरला वाटे की सारे एकाच घरचे. युक्ती चालली, पण ती युक्तीच होती. त्याच कंपनीतल्या सायमन स्ट्यूअर्टने वेबड्रायव्हर नावाचे निराळे साधन लिहिले. पानाच्या आत न घुसता, बाहेरून, प्रत्येक ब्राउझरला त्याच्याच अंगच्या यंत्रणेतून हुकूम द्यायचे, ही त्याची रीत. एकाच गावात दोन युनियन झाल्या की काय होते हे मी पाहिले आहे. येथे मात्र २००९ साली दोघांनी एक होण्याचे ठरवले, आणि जुलै २०११ मध्ये एकत्र आवृत्ती निघाली.

यानंतर जे घडले त्याला मी या इतिहासातली सर्वांत मोठी घटना मानतो, आणि तिचा गवगवा सर्वांत कमी झाला. ५ जून २०१८ रोजी वेबची मानके ठरवणाऱ्या डब्ल्यू थ्री सी या संस्थेने वेबड्रायव्हरची बोली प्रमाण म्हणून मान्य केली. प्रमाण म्हणजे काय, हे यंत्रशाळेत काम केलेल्यास सांगावे लागत नाही. १८४१ साली इंग्लंडात व्हिटवर्थने स्क्रूच्या आट्यांचे माप ठरवून देण्याआधी प्रत्येक कारखान्याचा नट निराळा होता. एकाचा बोल्ट दुसऱ्याला बसत नसे. वेबड्रायव्हर प्रमाण झाल्यामुळे क्रोम, फायरफॉक्स, सफारी यांच्या कर्त्यांनीच आपापल्या ब्राउझरची किल्ली करून द्यायची, असे ठरले. उद्या सेलेनियम नाहीसे झाले तरी ती बोली बोलणारे दुसरे साधन कोणीही करू शकतो.

ज्यांच्यामागे असे काही नव्हते, त्यांची गत पाहा. फँटमजेएस हा पडद्याविना चालणारा ब्राउझर २०११ साली आला आणि चाचणीवाल्यांचा लाडका झाला. मोजक्या माणसांच्या खांद्यावर चाललेले ते काम होते. २०१७ साली क्रोम स्वतःच पडद्याविना चालू लागला आणि २०१८ साली फँटमचे काम थांबले. प्रोट्रॅक्टर तर गूगलच्या अँग्युलर गटाचे अपत्य, २०१३ चे. २०२१ साली गूगलने ते बंद करण्याचा मनोदय जाहीर केला आणि २०२३ साली त्याचा आधार संपला. म्हणजे मोठे घराणे पाठीशी असले की आयुष्य मोठे, असेही नाही. खुद्द सेलेनियमचे बटणे टिपून ठेवणारे जोडसाधन २०१७ साली फायरफॉक्सने आपली रचना बदलताच एका रात्रीत मुके झाले. पुढे ते नव्याने लिहावे लागले.

आता आजच्या निवडीकडे येऊ. २०१७ साली अमेरिकेतल्या अटलांटा शहरची सायप्रेस ही कंपनी आपले साधन घेऊन खुल्या बाजारात आली. त्याच वर्षी गूगलच्या क्रोम गटाने पपेटियर आणले. पपेटियरवर काम केलेली काही मंडळी मायक्रोसॉफ्टमध्ये गेली आणि जानेवारी २०२० मध्ये त्यांनी प्लेराइट बाहेर काढले. या नव्यांचा जोर एका जुन्या दुखण्यावर होता.

ते दुखणे असे. प्रोग्रॅम माणसापेक्षा फार चपळ असतो. पान अर्धे उमटते न उमटते तोच तो बटण शोधतो, बटण नसते, चाचणी नापास. पुन्हा चालवली की पास. चूक पानाची नाही, चाचणीच्या उतावळेपणाची. मग लिहिणारा वैतागून 'पाच सेकंद थांब' असा हुकूम घालतो. अशा हजार चाचण्या झाल्या की तासच्या तास नुसते थांबण्यात जातात, आणि नेट मंद असले तर पाचही सेकंद पुरत नाहीत. हा घरगुती रोग नव्हे. २०१६ साली गूगलने स्वतःच सांगितले की, त्यांच्या चाचण्यांच्या फेऱ्यांपैकी सुमारे १.५ टक्के फेऱ्या अशा बेभरवशाच्या निघतात आणि सुमारे १६ टक्के चाचण्यांत हा दोष थोडाफार आहे. परिणाम भयंकर होतो. रोज खोटी घंटा वाजली की पहारेकरी खऱ्या घंटेलाही उठत नाही. सायप्रेस आणि प्लेराइट यांनी बटण दिसेपर्यंत, दाबण्याजोगे होईपर्यंत आपण होऊन थांबण्याची सवय साधनातच घातली. सेलेनियममध्येही तसे थांबता येते, पण ते लिहिणाऱ्याने आठवणीने लिहावे लागते, आणि नवशिक्याच्या हातून नेमके तेच राहते.

सायप्रेस पानाच्या शेजारी, ब्राउझरच्या आत बसते. त्यामुळे काय घडले हे कारागिराला पायरी पायरीने दिसते, आणि शिकायला ते सोपे जाते. पण आत बसणाऱ्याला बाहेरचे कमी दिसते: एका पत्त्यावरून दुसऱ्या पत्त्यावर जाणे त्याला अनेक वर्षे जड गेले, आणि भाषा एकच, जावास्क्रिप्ट घराण्याची. प्लेराइट बाहेरून एक अखंड तार जोडून बोलते. जावास्क्रिप्टखेरीज पायथन, जावा आणि डॉटनेट यांतही लिहिता येते. तीन ब्राउझर-कुळे हाताळते, हे खरे. पण त्यातला सफारी म्हणजे बाजारातला सफारी नव्हे, त्याच कुळातली स्वतः बांधून घेतलेली प्रत. आपले गिऱ्हाईक आयफोनवाले असेल तर ही बारीक ओळ वाचून ठेवावी, आणि खऱ्या फोनवरही पाहावे. खरे फोन आणि ब्राउझर भाड्याने देण्याचा धंदा करणारी ब्राउझरस्टॅक ही नावाजलेली कंपनी २०११ साली आपल्या मुंबईतच, आयआयटीच्या दोन पदवीधरांनी काढली, हे जाता जाता सांगतो.

मला कोणी विचारले तर मी असे सांगेन. नवा गट, नवे पान, घाई असेल तर आज प्लेराइट घ्यावे. त्याचा परवानाही खुला आहे. वीस वर्षे चालवायचे सरकारी किंवा बँकेचे काम असेल, आणि लोक जावा जाणणारे असतील, तर प्रमाण बोली बोलणारे सेलेनियम अजून खाली ठेवू नये. ते कोणा एका कंपनीचे नाही, आणि त्याचा कारभार सॉफ्टवेअर फ्रीडम कॉन्झर्वन्सी या ना-नफा संस्थेच्या छत्राखाली चालतो. प्लेराइट सांभाळणाऱ्यांचा पगार मायक्रोसॉफ्ट देते, सायप्रेसवाल्यांची कंपनी चाचण्यांच्या नोंदी ठेवण्याची सेवा विकते. यात पाप काही नाही. पण पगार कोण देतो हे विचारल्यावाचून मी कधी कोणत्या करारावर सही केलेली नाही.

हत्याराने सगळे भागते, असे मात्र कोणी समजू नये. १ ऑक्टोबर २०१३ रोजी अमेरिकेच्या सरकारने आरोग्य विम्याचे संकेतस्थळ उघडले, आणि पहिल्या दिवशी देशभरातून अवघ्या सहा जणांची नोंदणी पुरी झाली. त्याच महिन्यात ठेकेदारांनी संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली की, सगळे भाग जोडून आरंभापासून शेवटपर्यंतची चाचणी उद्घाटनाच्या आधीच्या दोन आठवड्यांतच झाली. हत्यारे तेव्हाही होती. ती चालवायला वेळ मागणाऱ्याचे कोणी ऐकले नाही.

१९२८ साली मुंबईच्या गिरण्यांत दीड लाख कामगारांचा संप सहा महिने चालला. विणकराने दोनऐवजी तीन साचे चालवावेत, ही योजना त्या संपाच्या कारणांपैकी एक होती. साचा चांगला की वाईट, असा कामगारांचा वाद नव्हता. वाढलेले काम कोणाच्या अंगावर आणि वाढलेली मिळकत कोणाच्या खिशात, हा होता. आमच्याकडे आलेल्या मुलांनाही मी हेच सांगितले: हत्याराशी भांडू नका, ते शिका, आणि शिकण्याचा वेळ कामाच्या तासांत मागा. त्यांच्यापैकी काही जणांना तो मिळाला. काहींना दुसरी नोकरी शोधावी लागली.

कॅनडाचे मायकेल बोल्टन यांनी २००९ साली पडताळणी आणि परीक्षा यांत फरक करावा असे मांडले. आधी ठरवलेले घडले की नाही हे यंत्र पडताळते. काय ठरवायला हवे होते, हे माणूस परीक्षेतून शोधतो. मराठी पानावर हा फरक डोळ्यांना दिसतो. अक्षरवळण बिघडले की पडद्यावर 'क्ष' चा क आणि ष वेगळे उमटतात, वेलांटी भलत्याच अक्षरावर बसते. पण पानाच्या पोटात लिहिलेला मजकूर शुद्ध असतो, आणि साधारण चाचणी तोच वाचते. ती पास होते. पडद्याचे छायाचित्र घेऊन जुन्या छायाचित्राशी ताडून पाहणारी साधनेही आहेत. ती वापरावीत. फक्त पहिले चित्र मंजूर करणाऱ्याला मराठी वाचता येत नसेल, तर फुटलेले अक्षरच पुढच्या सर्व फेऱ्यांत बरोबर धरले जाते, आणि ज्या दिवशी कोणी ते दुरुस्त करील त्या दिवशी चाचणी नापास होते.