कोल्हापूरचा पडदा बोलला तेव्हा

‘प्रभात’ने १९३२ साली कोल्हापुरात ‘अयोध्येचा राजा’ हा बोलपट काढला. मायक्रोफोनमधून येणारा संकेत फार क्षीण, तो आधी वाढवावा लागतो. ट्रान्झिस्टर आला १९४७ साली. त्यामुळे तेव्हा हे काम काचेचे व्हॉल्व्हच करत.

आजचे हौशी लोक घरी प्रीअँप्लिफायर जोडतात, त्यातही तेच तत्त्व. तापलेल्या कॅथोडमधून इलेक्ट्रॉन निघतात, मधली जाळी त्यांना आवरते. जाळीवरचा इवलासा चढउतार प्लेटवर कितीतरी मोठा होतो. ईसीसी ८३ या एकाच व्हॉल्व्हमध्ये अशा दोन जोडण्या असतात.

पण प्लेटला दोन-अडीचशे व्होल्ट लागतात आणि स्विच बंद केल्यावरही कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. ती जीव घेऊ शकते. तेव्हा नातवंडांनो, हौस जरूर करा. पण रेझिस्टर लावून ती उतरवा, मीटरवर शून्य पाहा, मगच आत हात घाला.