पोका-योकेच्या पोटातला मोह

भोसरीतल्या ज्या कारखान्यात मी उमेदीची वर्षं काढली, तिथल्या रिजेक्शन रिपोर्टात एक रकाना असे: 'कारण'. त्यात बहुतेक वेळा दोनच शब्द पडत: 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा'. मीही ते पुष्कळदा लिहिले आहेत. एकदा एक ब्रॅकेट डाव्याचा उजवा होऊन वेल्ड झाला आणि अख्खा लॉट परत आला. लाईनवरच्या एका पोराला सगळ्यांदेखत बोलणी बसली. पुढच्या आठवड्यात टूलरूमने फिक्स्चरला एक छोटी पिन बसवली, आणि त्यानंतर ब्रॅकेट उलटा बसेचना. फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं गेलं: पोका-योके. तो पोरगा तोवर नोकरी सोडून गेला होता.

चाकणपासून रांजणगावपर्यंत कुठल्याही शॉपवर हा शब्द आज मराठीइतकाच सहज बोलला जातो. 'इथं पोका-योके लावून टाक' असं सेटर हेल्परला सांगतो. अर्थ सगळ्यांना ठाऊक आहे: चूक करायची म्हटली तरी होऊ नये अशी सोय. शब्द कुठून आला, हे मात्र कुणी विचारत नाही. मीही विचारलं नव्हतं. निवृत्तीनंतर पुण्यात जपानी शिकायला बसलो आणि 'कोजिएन' या नामांकित जपानी शब्दकोशात 'बाका' या साध्या शिवीची नोंद वाचली. 'बाका' म्हणजे मूर्ख. व्युत्पत्तीच्या ओळीत एक संस्कृत शब्द होता: मोह. त्या ओळीने मला अजून सोडलेलं नाही.

पोका-योकेच्या घराण्याची सर्वांना माहीत असलेली वंशावळ एका दमात सांगून टाकतो. धागा तुटला की आपोआप थांबणारा साकिची तोयोदांचा माग १९२४ चा. ताइइची ओनोंनी टोयोटात उभी केलेली उत्पादनपद्धती युद्धानंतरची. 'कायझेन' हा शब्द जगभर नेणारं मासाआकी इमाइंचं पुस्तक १९८६ चं. 'लीन' हे नाव जॉन क्राफ्सिक यांनी १९८८ साली दिलेलं. हे प्रत्येक ट्रेनिंगच्या पहिल्या स्लाईडवर असतं. माझी गोष्ट त्या स्लाईडवर नसलेल्या एका बाईपासून सुरू होते.

शिगेओ शिंगो (१९०९–१९९०) हे टोयोटातल्या इंजिनिअरांना शिकवणारे सल्लागार. १९६१ साली ते यामादा इलेक्ट्रिक या कारखान्यात गेले होते. तिथे एक छोटा स्विच जुळवला जाई. त्याला दोन बटणं आणि प्रत्येक बटणाखाली एक स्प्रिंग. कधीतरी एखादी स्प्रिंग घालायची राहून जाई आणि गिऱ्हाइकाची तक्रार येई. मग कामगारांना ताकीद, काही दिवस सुधारणा, पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. शिंगोंनी फक्त एक बशी ठेवायला लावली. जुळणीला हात घालण्याआधी डब्यातून दोन स्प्रिंगा काढून बशीत ठेवायच्या. स्विच पुरा झाला आणि बशीत स्प्रिंग उरली, तर ती कुठे राहिली हे वेगळं सांगायला नको. अशा युक्त्यांना तेव्हा जपानी कारखान्यांत 'बाका-योके' म्हणत. बाका म्हणजे मूर्ख, योके म्हणजे निवारण. मूर्खालाही चुकवता येणार नाही, अशी सोय.

दोनेक वर्षांनी, १९६३ च्या सुमारास, अराकावा या मोटारींच्या बॉड्या बनवणाऱ्या कंपनीत एका विभागप्रमुखाने असंच साधन बसवलं. काही कामगारांकडून डावे आणि उजवे भाग उलटसुलट लागतात, म्हणून हे बाका-योके, असं त्याने समजावून सांगितलं. ते ऐकून एक तरुण कामगार बाई रडू लागली. आपण इतक्या मूर्ख आहोत का, हा तिचा प्रश्न होता. दुसऱ्या दिवशी ती कामावर आली नाही. हा प्रसंग शिंगोंनी स्वतः लिहून ठेवला आहे. हे नाव बदलायलाच हवं, असं त्यांनी ठरवलं आणि 'बाका'च्या जागी 'पोका' आला. तिथेही डाव्या-उजव्याचाच घोटाळा आणि भोसरीतही तोच. म्हणून ही गोष्ट वाचताना मला आमचा तो पोरगा दिसतो.

आता 'बाका'कडे येतो, कारण खरी मौज तिथे आहे.

आज हा शब्द दोन चिनी चित्रलिपींत लिहितात: घोडा आणि हरीण. साहजिकच त्याची सगळ्यात लाडकी व्युत्पत्ती घोड्या-हरणाची आहे. चीनच्या छिन घराण्याचा दुसरा सम्राट गादीवर असताना झाओ गाओ नावाचा मातब्बर मंत्री होता. इ. स. पू. २०७ मध्ये त्याने दरबारात एक हरीण आणलं आणि 'महाराज, हा घोडा' म्हणून सम्राटाला भेट दिलं. सम्राट हसला आणि त्याने दरबाऱ्यांना विचारलं. काही गप्प राहिले, काहींनी घोडा म्हटलं, काहींनी हरीण. हरीण म्हणणाऱ्यांना झाओ गाओने पुढे हिशेबात घेतलं. सिमा छियानच्या इतिहासात ही कथा आहे, आणि घोडा-हरणाच्या गफलतीतून 'बाका' आला असं म्हणतात.

गोष्ट सुरेख आहे, पण व्युत्पत्ती म्हणून ती टिकत नाही. घोड्याच्या चिन्हाचा 'बा' हा उच्चार चिनी वळणाचा आहे, पण हरणाच्या चिन्हाचा चिनी वळणाचा उच्चार 'रोकु'. शब्द या कथेतून आला असता तर 'बारोकु' झाला असता. 'का' हे हरणाचं अस्सल देशी जपानी नाव. अर्धं चिनी आणि अर्धं देशी वाचल्याशिवाय 'बाका' जुळत नाही. म्हणजे शब्द आधी होता आणि त्याच्या मापाची चिन्हं मागाहून शोधली, हे उघड आहे. कोजिएनही घोडा-हरीण हे केवळ ध्वनीसाठी लावलेलं लेखन मानतो. माझा दुसरा आक्षेप अर्थाचा आहे. त्या दरबारात मूर्ख कुणीच नव्हतं. हरणाला घोडा म्हणणारे भ्यालेले होते. भीतीच्या गोष्टीतून मूर्खपणाचा शब्द का निघावा?

दुसरा दावेदार 'मोडकं घर' अशा अर्थाची चिन्हजोडी. जुन्या कोशांत 'बाका' त्या चिन्हांनीही लिहिलेला आढळतो. पण त्याच कोशांत इतरही जोड्या आहेत, आणि एकाच शब्दाला इतकी वेगवेगळी वस्त्रं शिवली जातात तेव्हा मूळ अंग चिनी नव्हतं असंच मी समजतो. तिसरा दावेदार 'वाका', म्हणजे तरुण. तरुण म्हणून उथळ, उथळ म्हणून मूर्ख. अर्थ जुळतो, पण 'वाका' आपल्या जागी आजही धडधाकट आहे आणि त्याला अशी शिवी होण्याची गरज पडलेली दिसत नाही.

चौथा दावेदार आपला. आमानो सादाकागे (१६६३–१७३३) हे ओवारी संस्थानातले सामुराई पंडित. 'बाका' संस्कृतातून आला, हे मत त्यांच्या नावावर आहे. ओवारी म्हणजे आजच्या नागोयाचा परिसर. टोयोटा शहर तिथून हाकेच्या अंतरावर, त्याच आइची प्रांतात. बाका-योकेतल्या 'बाका'चं संस्कृत कूळ शोधणारा माणूस टोयोटाच्या शेजारचा निघावा, हा योग मला फार प्रिय आहे. कोजिएन 'मोह'सोबत 'महल्लक' हाही शब्द सुचवतो, म्हणजे वयाने वाढलेला पण अडाणी. मात्र त्यातला 'ल्ल' कुठे गेला याचं उत्तर द्यावं लागतं. 'मोह'ला ती अडचण नाही.

'मोह'चा 'बाका' होईल कसा, असं कुणीही विचारेल. आधी 'ह' पाहू. संस्कृत शब्द जपानात चीनमार्गे गेले आणि चिनी 'ह'च्या जागी जपानी माणूस 'क' म्हणे. 'महा'चा त्यांच्याकडे 'माका' झाला. प्रज्ञापारमितेच्या सूत्राचं नाव आजही मठामठांत 'माका हान्न्या' असं सुरू होतं. तेव्हा 'मोह'चा 'मोका' झाला तर नवल नाही. आता 'म'. तांग काळात चांगआनच्या बोलीत शब्दारंभीचा 'म' 'ब'कडे झुकला आणि तो उच्चारही जपानात पोचला. म्हणून झाडाच्या एकाच चिन्हाला तिथे जुना उच्चार 'मोकु' आणि नवा 'बोकु' आहे. घोड्याच्या चिन्हाला जुना 'मे' आणि नवा 'बा'. या हिशेबाने 'मोह'साठी वापरलेली चिन्हं 'बोका' वाचली जातात. उरला फक्त 'ओ'चा 'आ'. इथे मात्र नियम दाखवता येत नाही. ही कडी ठोकूनच बसवावी लागते, हे मी मान्य करतो.

विरोधकांचा आणखी एक मुद्दा वजनदार आहे. 'बाका' लेखनात पहिल्यांदा भेटतो तो चौदाव्या शतकात, 'ताइहेइकी' या युद्धकथेत. जुने कोश त्याचा अर्थ दांडगाई, हुल्लड असा देतात. मग मठातला शांत 'मोह' रणांगणात दांडगा कसा झाला? माझं उत्तर असं: मराठीत आपण मोहाचा अर्थ 'भुरळ' एवढाच करून ठेवला आहे, पण तो 'मुह्' धातूचा शब्द आहे. मूढ आणि मुग्ध ही त्याचीच भावंडं. भान हरपणं हा त्याचा गाभा. भान हरपलेला माणूस कधी बावळट दिसतो, कधी दांडगाई करतो.

आणि मठातल्या लोकांना अशी सांकेतिक बोली करायची हौस होतीच. कोजिएनही 'बाका' पूर्वी भिक्षूंची गुप्त बोली होती असं सांगतो. मद्य वर्ज्य असल्याने त्यांनी साकेला नाव दिलं 'हान्न्यातो', म्हणजे प्रज्ञेचा काढा. 'दान' या आपल्या शब्दाचा त्यांनी 'दान्ना' केला. मठाला देणारा तो दान्ना, मग कुठलाही धनी, आणि आज जपानी बाई नवऱ्यालाही दान्ना म्हणते. दारूला प्रज्ञा म्हणणारी मंडळी अडाण्याला मोह म्हणणार नाहीत, हे मानणंच मला जड जातं.

'योके'चंही असंच. हे पद जपानीत आणखी एका शब्दात येतं: 'मा-योके', म्हणजे अरिष्ट दूर ठेवणारा ताईत किंवा तोडगा. यातला 'मा' म्हणजे बुद्धाला बोधिवृक्षाखाली छळायला आलेला 'मार', तोही मूळ संस्कृतातला. 'बाका-योके' हा शब्द 'मा-योके'च्या साच्यात ओतला गेला, असा माझा पक्का तर्क आहे. आपण उंबऱ्यावर लिंबू-मिरची टांगतो, तशी मशीनच्या उंबऱ्यावर पिन. फरक इतकाच की मा-योके बाहेरून येणारं अरिष्ट अडवतो आणि बाका-योके आतल्या माणसालाच अरिष्ट ठरवतो. ती बाई रडली ती यासाठीच.

शिंगोंनी निवडलेला 'पोका' आला गो आणि शोगी या पटावरच्या खेळांतून. चांगला खेळाडू एका बेसावध क्षणी जी अविश्वसनीय वाईट चाल करून बसतो, ती पोका. नवशिक्याच्या रोजच्या चुकांना कुणी पोका म्हणत नाही. चांगलं खेळता येणाऱ्याचीच पोका होते, म्हणून या शब्दात माणसाचा मान शाबूत राहतो. एक अक्षर बदललं आणि दोष माणसावरून उठून चालीवर गेला.

माझी सगळी कुळकथा या एका वळणासाठी आहे. बौद्ध विचारात लोभ, द्वेष आणि मोह ही अकुशलाची तीन मुळं. मोह ही अवस्था आहे, धुक्यासारखी. ती कुणावरही उतरते आणि निघूनही जाते. भिक्षूंच्या थट्टेत त्या अवस्थेचा माणूस झाला: तू बाका. पुढे शतकानुशतकं तो शब्द माणसांच्या कपाळावर चिकटत राहिला. १९६३ च्या सुमारास एक बाई रडली आणि शिंगोंनी तो कपाळावरून काढला. 'पोका' हा ध्वनीने 'बाका'चा कुणी नसेल, पण अर्थाने तो थेट 'मोह'कडे परत गेला आहे. क्षणभर भान सुटलं, एवढंच तो म्हणतो. सुटलेल्या भानाला शिक्षा देऊन काही होत नाही. त्याच्या वाटेत बशी ठेवावी लागते, पिन बसवावी लागते.

झाओ गाओची कथा व्युत्पत्ती म्हणून मी बाद केली, पण ती मला सोडून जात नाही. आमच्या रिपोर्टवर पाच जणांच्या सह्या असत. पाचही जणांना दिसत होतं की ब्रॅकेट दोन्ही बाजूंनी सारखाच बसतो. तरी 'ऑपरेटरचा निष्काळजीपणा' यावर पाचही सह्या पडल्या, आणि त्यातली एक माझी होती. हरणाला आम्ही घोडा म्हटलं.

तो रिपोर्ट आज पुन्हा हातात आला, तर 'कारण'च्या रकान्यात मी लिहीन: फिक्स्चर जॉब दोन्ही बाजूंनी घेतं.