शाईचं भावंड

मेहकरला आजीच्या चुलीवर दुपारी तवा चढला, की आम्ही पोरं खोकत अंगणात पळायचो. तव्यावर तंबाखू काळाठिक्कर होईस्तोवर भाजायचा, मग चुरून डबीत भरायचा. ही दात घासायची मिसरी, कोणी मशेरी म्हणतं.

दात घासायच्या निंबाबाभळीच्या काडीची कथा सर्वांना ठाऊक आहे. सुश्रुताने कडू झाडांत निंब आणि तुरटांत खैर श्रेष्ठ ठरवला. या काडीच्या संस्कृत ‘दंतपवना’चं प्राकृतात ‘दंतवण’ आणि आपल्याकडे ‘दातवण’ झालं. मला अडवलं ते दुसऱ्याच दातवणाने. पूर्वी सवाष्णी दात काळे करायला जी पूड लावत, तिलाही दातवणच म्हणत. तिच्यात मुख्य जिन्नस हिरडा आणि हिराकस. बोरूने लिहायची काळी शाईही याच दोघांची करत!

चिखलीच्या बाजारातून दोन्ही आणून मी करून पाहिलं. हिरड्याच्या पिवळट काढ्यात चिमूटभर हिराकस पडला आणि वाटी डोळ्यांदेखत निळीकाळी झाली. हिरड्यातलं टॅनिन हिराकसातल्या लोखंडाला धरतं, त्याचा हा रंग.

संस्कृतात शाई म्हणजे मषी. वैद्य औषध जाळून जी काळी पूड करतात, तीही मषीच. म्हणून माझं म्हणणं असं, की मिसरी ही या मषीची लेक. फारसीचे अभिमानी ‘मिस’ म्हणजे तांबं दाखवतात. तांब्याचं मोरचूद घालून दात काळे करायला जी पूड करत ती मिस्सी, म्हणून मिसरी. हिंदी मिस्सीपुरतं मी ते मानीन. पण आजीच्या तव्यावर तांबं कुठे होतं? तिथे होतं ते जाळून काळं करणं, म्हणजे मषीच. शिवाय ‘मशेरी’तले ‘म’ आणि ‘श’ मषीशी जुळतात, मिसशी नाही. राहिला ‘री’. पोटाची पोटरी होते, कोठीची कोठरी होते, तशी मषीची मशेरी झाली.

आपल्या सवाष्णींसारख्या जपानी बायकाही लोखंडाचं आंबवलेलं पाणी आणि टॅनिनची पूड लावून दात काळे करत. 1870 मध्ये तिथल्या सरकारने उमरावांना ती चाल बंद केली. त्या काळ्या थराखाली दात कमी किडत, हे नंतर दंतवैद्यांच्या ध्यानात आलं. दात किडवणारा स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स हा जंतू 1924 मध्ये क्लार्कने ओळखला. तो साखरेपासून चिकट खळ करून दाताला चिकटतो. ही खळ करणाऱ्या विकरालाच टॅनिन आवळतं. बाभळीच्या सालीतलं टॅनिन कातडं कमावतं तेही असंच, प्रथिनांना धरून.

आजीच्या डबीत मषीचा रंग तेवढा उरला होता. हिरडा गेला होता, त्याच्या जागी तंबाखू होता. पन्नाशीच्या आतच तिचे पुढचे दात हलायला लागले.